बाटलीवरचा दुसरा शब्द

सुई मालकांच्या पोटापासून चार बोटं लांब होती. टोपण काढलेलं होतं. डाव्या हाताने मी त्यांचा सदरा वर केला होता आणि पोटाची कातडी चिमटीत धरली होती. कातडी गार होती आणि इतकी ओली, की चिमटीतून सुटत होती. मी परत धरली. परत सुटली.

मालक म्हणजे माझा नवरा. खुर्चीत बसल्या जागी ते एका बाजूला कलले होते. डोळे अर्धे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते. दात आवळलेले. मी "अहो" म्हणून हाक मारली, मग मोठ्याने मारली, मग गालावर चापट मारली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, त्यांच्यावर हात उगारायची ती पहिली वेळ. त्यांच्या तोंडातून नुसता घुमल्यासारखा आवाज आला.

दुपारचे दीड वाजले होते. जर्मनीत हायडेलबर्गच्या खाली, द्राक्षांच्या एका गावात मुलाचं घर आहे, तिथे आम्ही दोघंच होतो. मुलगा कंपनीत, सून कामासाठी कोलोनला गेलेली, नात किंडरगार्टनमध्ये.

मालकांना शुगर होती आणि ते रोज इंजेक्शन घेत. मला एवढंच ठरवायचं होतं, की आत्ता त्यांच्या अंगातली साखर वाढली आहे की उतरली आहे. वाढली असेल तर सुई. उतरली असेल तर साखर. उलटं केलं तर माणूस संपला. मोजायचं यंत्र टेबलावरच होतं, पण त्याच्या पट्ट्या दोन दिवसांपूर्वी संपल्या होत्या. यंत्र गावाकडून आणलेलं, तसल्या पट्ट्या इथल्या औषधाच्या दुकानात मिळेनात. मुलगा शनिवारी नवीन यंत्र आणणार होता. तो दिवस गुरुवार होता.

आणि मला तर वाटत होतं, मला माहीत आहे. साखर वाढली आहे. कारण मालकांनी गोड वाइन प्यायली होती, आणि ती गोड आहे हे त्यांना मीच सांगितलं होतं.

हे कसं झालं ते सांगते.

मी चौथी शिकले. पुढे शाळा नव्हती आणि असती तरी पाठवलं नसतं. आम्ही तासगावकडचे. मालक एसटीत ड्रायव्हर होते. मी पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या द्राक्षबागेत कामाला गेले, आधी विरळणीला आणि छाटणीला, नंतर परदेशी माल जायला लागला तेव्हा पॅकिंगला. इंग्रजी अक्षरं मी पेट्यांवर शिकले. बाई माल बघते, मण्याची जाडी बघते, बागवाले एक मणी साखर मोजायच्या नळीच्या काचेवर पिळतात, डोळ्याला लावतात आणि ओरडतात, "शुगर एवढी भरली!" मग त्याप्रमाणे पेटीवर छाप पडतो. आमच्याकडे द्राक्षाला शुगर भरते आणि माणसाला शुगर होते, शब्द एकच. आणि पेटीवर जे छापलं तेच पेटीत असायचं. नसलं तर माल परत यायचा आणि बाईला बोलणी बसायची. हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. त्यावरच मी फसले.

हे सगळं घडलं ते साल दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. मुलाने आम्हाला तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं. शेजारी एक म्हातारी राहायची, माझ्याच वयाची, विधवा. घरामागच्या उतारावर तिची बाग. तारा, खांब, वेली, सगळं ओळखीचं. काढणी सुरू झाली तशी मी खिडकीतून बघत बसायची आणि माझे हात शिवशिवायचे. तिसऱ्या दिवशी मी कुंपणापाशी गेले आणि हातानेच विचारलं, कात्री देतेस का. तिने दिली.

पहिल्याच तासात मी घोटाळा केला. एका ओळीत घडांवर सुरकुतलेले, बुरशी धरलेले तपकिरी मणी होते. मी आपली सवयीने ते वेचून काढून मातीत टाकत गेले आणि चांगले हिरवे मणी ठेवत गेले. आमच्याकडे असा एक मणी पेटीत गेला तर सगळी पेटी बाद. म्हातारीने ते बघितलं आणि नको नको ओरडत धावत आली, "नाइन! नाइन! नाइन!" गुडघ्यांवर बसून तिने एकेक सडका मणी मातीतून उचलला, फुंकला आणि वेगळ्या बादलीत टाकला. मला वाटलं, बाई वेडी आहे.

संध्याकाळी मुलाला विचारलं.

"आई, तो माल सगळ्यात भारी असतो," तो म्हणाला.

"सडका?"

"गेनाऊ, बरोबर. सडका. त्या बुरशीने पाणी उडून जातं, आत नुसती साखर राहते."

"मग आमचा बेदाणा काय वाईट होता? तोपण वाळलेलाच."

मालक कोपऱ्यातून म्हणाले, "तुझा बेदाणा पिऊन कुणी नाचत नाही."

मुलाने मग मला इथल्या वाइनची प्रतवारी सांगितली. साध्या वाइनच्या वर चांगली, आणि चांगलीच्या वर ज्या येतात त्यांना प्रेडिकाट असतं, म्हणजे ग्रेड. त्या ग्रेडच्या पायऱ्या. सगळ्यात खाली काबिनेट. मग श्पेटलेझे, म्हणजे उशिरा काढलेली. मग आउसलेझे, निवडून काढलेली. मग बेरेनआउसलेझे, एकेक मणी निवडून. आणि त्याच्याही वर ट्रोकनबेरेनआउसलेझे, वेलीवरच वाळलेल्या मण्यांची. आइसवाइन म्हणून एक आहे ती गोठलेल्या द्राक्षांची. मी ते पाढ्यासारखं पाठ केलं. दुसऱ्या दिवशी म्हातारीपुढे करंगळीपासून एकेक बोट धरून म्हणून दाखवलं. ती एवढी हसली की खाली बसली, आणि मग मला मिठीच मारली.

मी मुलाला विचारलं होतं, "म्हणजे वर वर जाल तशी साखर जास्त?"

"हो, जवळजवळ तसंच," तो म्हणाला. त्याचं लक्ष लॅपटॉपमध्ये होतं.

ते "जवळजवळ" मी सोडून दिलं. बाकीचं लक्षात ठेवलं.

अजून एक शब्द होता, ट्रोकन. तो मी वाइनवर शिकले नाही. तो मी तळघरात शिकले. इमारतीच्या तळघरात कपडे वाळवायचं यंत्र होतं, त्याच्या बटणांजवळ तो लिहिलेला. सुनेने मला कळावं म्हणून त्या बटणावर नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, पण ठिपका चारच दिवसांत गेला आणि मग मी अक्षरंच ओळखायला लागले. ट्रोकन म्हणजे कोरडं. नात दुपारी झोपून उठली की चड्डीला हात लावून ओरडायची, "आजी, ट्रोकन!" मराठी तिला सगळी कळायची, पण बोलायची जर्मनच.

रविवारी म्हातारीने आम्हाला चहाला बोलावलं तेव्हा सून बरोबर होती. म्हातारीने एक बाटली पुढे केली. मी नको म्हटलं. तिने "ट्रोकन, ट्रोकन" म्हणत तोंड आंबट केलं आणि जीभ आत ओढली.

"आई, ही कोरडी आहे म्हणते. म्हणजे साखर नसलेली," सून म्हणाली.

"ओलं ते कोरडं कसं असेल?"

"साखर नसली की ते कोरडं म्हणतात."

"आणि ती सगळ्यात वरची, ट्रोकन आधी लावलेली? ती तर सगळ्यात गोड म्हणालात."

"त्यात मणी वाळलेले, म्हणून ट्रोकन."

"म्हणजे ट्रोकन म्हणजे बिनसाखरेचीपण आणि मधासारखीपण?"

"जर्मन आहे आई ते," सून म्हणाली आणि तिने दुसरा विषय काढला.

म्हातारीची ती बाटली काबिनेट होती. मी मनाशी घट्ट केलं, की खालच्या पायरीवरची कोरडी, वरच्या पायरीवरची गोड. मला ते बरोबर वाटलं. पेटीवरच्या छापासारखं.

काढणी संपली त्या दिवशी म्हातारीने मला तिच्या नवऱ्याच्या हातची एक जुनी बाटली दिली. मजुरी मी घेत नव्हते म्हणून. बाटली ती दोन्ही हातांत धरून घेऊन आली, लहान मूल आणावं तशी. मी ती स्वयंपाकघरात ठेवली. मुलाने बजावून सांगितलं होतं, पप्पांना थेंब द्यायचा नाही.

गुरुवारी सकाळी सगळे गेले आणि मालकांनी बाटली टेबलावर आणली.

"वाच की. जर्मन पंडित झालीस ना."

मी बोट ठेवून वाचलं. मोठ्या अक्षरात होतं. "आ-उ-स-ले-झे. तिसरी पायरी."

"म्हणजे?"

"म्हणजे साखरच साखर. तुम्हाला विष."

"द्राक्षाचाच रस की गं. तुझ्या मैत्रिणीने दिलाय, अपमान होईल तिचा."

"तिला कोण सांगायला जातंय?"

"एक ग्लास. ड्रायव्हर माणूस, बत्तीस वर्षं एक थेंब न घेता गाडी चालवली."

ते खोटं होतं आणि आम्हा दोघांना ते माहीत होतं. पण तीन महिने ते त्या घरात गप्प बसून होते. बाहेर कुणाशी बोलता येत नाही, टीव्ही कळत नाही, थंडी सोसत नाही. मला त्यांची कीव आली असं नाही. मला त्यांच्या कटकटीचा कंटाळा आला होता.

"घ्या," मी म्हटलं. "पण साखर वाढणार, तर इंजेक्शनपण वाढवून घ्या."

"किती?"

मी जराही थांबले नाही. किती ते सांगून टाकलं. मी चौथी शिकलेली बाई, मी आकडा सांगितला आणि त्यांनी तेवढं घेतलं. रोजचं अधिक माझं.

मग ते प्यायले. पहिला घोट घेऊन थांबले.

"कडू आहे गं ही."

"तंबाखूने तुमची जीभ कधीच मेली. बेसनाचा लाडू दिला तरी कडू म्हणाल."

"अगं खरंच. आंबटकडू आहे."

"त्यावर लिहिलंय काय आहे ते. प्यायची तर गप प्या."

ते गप्प प्यायले. एक ग्लास झाला, दुसरा झाला. चपात्या झाल्या होत्या, भाजी गरम करायची होती. मी म्हटलं, "कपडे वाळवून आणते खालून, मग वाढते." तळघरात गेले तर यंत्रात दुसऱ्या कुणाचे कपडे. ते संपेपर्यंत थांबले, आमचे घातले, बटण दाबलं, ते फिरेपर्यंत बाकावर बसून राहिले. घरात वाइनचा वास नको वाटत होता म्हणून मुद्दामच बसले. तासभर तरी गेला असेल. मालक उपाशी, पोटात वाइन, अंगात जास्तीचं इंजेक्शन. हे असं एका ओळीत मला आज लिहिता येतं. तेव्हा मी बाकावर बसून घड्या घालत होते.

वर आले तेव्हा हातात गरम कपड्यांची टोपली होती आणि ते खुर्चीत कलले होते.

फ्रिजवर मुलाने कागद चिकटवला होता. मदतीसाठी एकशे बारा फिरवायचं आणि काय बोलायचं ते मराठी अक्षरांत. मी फिरवलं आणि तातडी आहे, माझा नवरा, शुगर, असं जर्मनमध्ये वाचलं, "नोटफाल. माइन मान. डिआबेटेस." मग गल्लीचं नाव आणि घराचा नंबर. पलीकडची बाई भराभर काहीतरी विचारायला लागली. मला एक शब्द कळला नाही. मी तेच परत वाचलं. तिने परत विचारलं, मी परत वाचलं. शेवटी ती "या, या, वीयर कोमेन" म्हणाली. या म्हणजे हो आणि कोमेन म्हणजे येणं, एवढं मला येत होतं. किती वेळात, ते विचारता येत नव्हतं. मुलाला फोन लावला, वाजत राहिला. म्हातारी घरात नव्हती, तिची मोटार दारात नव्हती.

मग मी फ्रिजमधून इंजेक्शनची शिशी काढली.

कुणी म्हणेल, सुचलं कसं तिला इंजेक्शन द्यायचं. दोन वर्षांपूर्वी गावी मालक असेच पडले होते. तेव्हा साखर वाढली होती, इंजेक्शन चुकवलं होतं त्यांनी. कंपाउंडरने येऊन सुई दिली आणि मलाही द्यायला शिकवलं. तो म्हणाला होता, "काकू, जास्त झाली तरी माणूस पडतो, कमी झाली तरी पडतो." पुढे दोन्ही कसं ओळखायचं तेही त्याने सांगितलं होतं. ते मला आठवेना. घामाचं काहीतरी होतं. घाम येतो तेव्हा कुठलं, जास्त की कमी, हे मी त्या स्वयंपाकघरात उभी राहून डोक्यात शोधत होते आणि ते सापडत नव्हतं.

आठवत होतं ते एकच. आउसलेझे. गोड. साखर जास्त. सुई.

चिमटी तिसऱ्यांदा सुटली तेव्हा मी हात पुसायला टेबलावरचा नॅपकिन ओढला. त्यासरशी बाटली अर्धी फिरली. मोठ्या अक्षरांच्या खाली, कडेला, बारीक अक्षरांत एक शब्द होता. तो मी थोड्या वेळापूर्वी तळघरात बोटाने दाबला होता. टी, आर, ओ, सी, के, ई, एन.

मी सुई तशीच धरून उभी राहिले.

ट्रोकन. कोरडी. साखर नसलेली. पण आउसलेझे वरची पायरी, ती गोड. आणि सगळ्यात वरची तीही ट्रोकन, वाळलेल्या मण्यांची, मधासारखी. मग हा ट्रोकन कुठला? मण्याचा की वाइनचा? सुनेला मी विचारलं होतं आणि तिने विषय बदलला होता. मालकांच्या घशातून घरघर यायला लागली. बाहेर रस्त्यावर काहीच आवाज नव्हता. त्या देशात दुपारी रस्त्यावर काहीच आवाज नसतो.

ग्लासाच्या तळाशी बोटभर वाइन उरली होती.

माझ्या भावाला दारूने खाल्लं. ओढ्याकडेला गुळाचं रसायन आंबवून दारू गाळायचा, विकायचा आणि प्यायचा. त्याला उचलून आणलं त्या दिवसापासून मी दारूचा वासही घेतला नव्हता. मी ग्लास उचलला आणि ती वाइन तोंडात घेतली.

कडू. आंबट आणि कडू. जीभ आत ओढली गेली. साखरेचा कण नव्हता. मालक खरं बोलत होते.

आणि मग मला भावाचं रसायन आठवलं. त्यात ढेपेच्या ढेपा गूळ जायचा. भट्टीतून येणारी दारू कधी गोड होती का?

सुई मी सिंकमध्ये फेकली. साखरेचा डबा काढला, मूठभर साखर बशीत घेतली, दोन चमचे पाणी घातलं आणि त्यांचं तोंड उघडायला लागले. दात उघडेनात. पातळ पाजावं तर घशात अडकून मरतील, एवढं मला कळत होतं. म्हणून गालाच्या आतून, हिरड्यांवर बोटाने साखर चोळत राहिले. मान एका कुशीला धरून ठेवली. एकदा त्यांचे दात उघडले आणि माझ्या बोटावर मिटले. मी बोट तसंच ठेवलं. रक्त आणि साखर एक झालं. ती खूण माझ्या उजव्या हाताच्या बोटावर अजून आहे.

आणि तेवढा सगळा वेळ मला खात्री नव्हती. हे आज सगळे विसरतात. लोक म्हणतात, आजींनी ओळखलं. मी काही ओळखलं नव्हतं. मला एका घोटावरून वाटलं होतं. माझी जीभ चुकली असती, भीतीने कडू झाली असती, तर मी मरणाऱ्या माणसाला साखर चारत होते. दर चोळण्याला मला वाटायचं, हे मी मारतेय. थांबले की वाटायचं, थांबून मारतेय. मी देवाचं नाव घेतलं नाही. साखर चोळली.

गाडी आली. दोन माणसं आणि एक तरुण डॉक्टरीणबाई. तिने मालकांच्या बोटाला टोचलं, तिच्या यंत्राकडे बघितलं आणि भराभर काहीतरी बोलली. मी तिचा दंड धरला आणि यंत्राकडे बोट दाखवलं. तिने ते माझ्याकडे वळवलं. आकडा मला वाचता येत होता. तिसाच्याही खाली होता.

साखर उतरलेली होती. मी सुई दिली असती तर ती डॉक्टरीण यायच्या आत सगळं आटोपलं असतं.

मी भिंतीला टेकून खाली बसले. त्यांनी शिरेतून काहीतरी सोडलं. थोड्या वेळाने मालकांनी डोळे हलवले, आधी छताकडे, मग त्या अनोळखी बाईकडे, मग माझ्याकडे. त्यांनी विचारलं, "जेवायला वाढलंस का?"

हायडेलबर्गला दवाखान्यात मुलगा धावत आला. डॉक्टरांनी त्याला विचारलं, इंजेक्शन एवढं जास्त का घेतलं. त्याने मला विचारलं.

"मी सांगितलं म्हणून," मी म्हटलं.

"तू? तुला काय माहीत, आई?"

"तू सांगितलंस ना, वर जाल तसं गोड."

"मी जवळजवळ म्हणालो होतो."

"हो. म्हणाला होतास."

कुणाची चूक जास्त, हे दवाखान्याच्या बाकावर बसून आम्ही दोघांनी आपापलं ठरवलं असेल. सुईचं मी त्याला सांगितलं नाही.

शनिवारी म्हातारी आली. तिला सगळं कळलं होतं आणि ती इतकी घाबरली होती की खुर्चीवर बसेना. तिच्या नवऱ्याच्या बाटलीने माझा नवरा गेला असता. सुनेने मध्ये बसून बोलणं करून दिलं. मला तिची माफी नको होती, मला उत्तर हवं होतं. मी विचारलं, आउसलेझे गोड, तर मग खाली ट्रोकन कसं?

म्हातारीने समजावलं. पायरी ही द्राक्षाची असते. घड काढला त्या दिवशी रसात साखर किती होती, तेवढंच ती पायरी सांगते. तिच्याकडेही तसलीच नळी आहे, डोळ्याला लावायची. पुढे तळघरात काय केलं, ते पायरीत नसतं. तो रस शेवटपर्यंत आंबू दिला की सगळ्या साखरेची दारू होते आणि वाइन कोरडी राहते. मध्येच थांबवला तर गोड राहते. तिच्या नवऱ्याला कोरडीच आवडायची, भारी द्राक्षाचीसुद्धा तो कोरडीच करायचा. म्हणून दुसरा शब्द नेहमी वाचायचा. सगळ्यात वरच्या पायरीच्या नावात ट्रोकन येतं ते मण्याचं, ते एकाच शब्दात जोडून लिहितात. सुटा लिहिला की तो वाइनचा.

"जोडून आणि सुटा," मी म्हटलं. "एवढाच फरक?"

"एवढाच," सुनेने सांगितलं.

मी तिला भावाच्या रसायनाचं सांगितलं. सुनेला ते जर्मनमध्ये सांगताना लाज वाटली, पण तिने सांगितलं. म्हातारी ऐकत होती. मग म्हणाली, तुझा भाऊ आणि माझा नवरा एकच धंदा करत होते, माझ्या नवऱ्याकडे फक्त सरकारी शिक्का होता.

त्या दिवसानंतर मी बाटलीवरची, डब्यावरची, औषधावरची बारीक अक्षरं आधी वाचते आणि मोठी मागून. सवय झाली आहे. भीतीची सवय आहे ती, शहाणपणाची नाही. कुणी इंजेक्शनचं टोपण काढलं की माझी चिमटी आपोआप मिटते आणि बोटांना ती गार ओली कातडी लागते.

गावी परतल्यावर एका दुपारी मी मालकांना सगळं सांगितलं. सुई भरली होती, टोपण काढलं होतं, चार बोटांचं अंतर होतं. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकलं.

"आणि मी सांगत होतो कडू आहे म्हणून," ते म्हणाले.

"हो. सांगत होता."

"मग ऐकलं का नाहीस?"

"तुमचं कधी ऐकलंय?"

त्यांनी सुपारीचं खांड माझ्यापुढे धरलं. मी घेतलं.

मालक त्यानंतर नऊ वर्षं जगले. मी अजून आहे.